आमच्या बाल्कनीतली दलदल

दुबईतल्या अल मनखूल आणि पंचक्रोशीतील समस्त मराठी बंधुभगिनींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, चौथ्या मजल्यावरील आमच्या बाल्कनीत गेल्या मे महिन्यापासून नोव्हेंबरपर्यंत एक दलदल वास्तव्यास होती. ती पाळीव होती. तिला वेळेवर पाणी, सावली आणि शिव्या मिळत होत्या. शिव्या देण्याचं खातं माझ्या बायकोकडे होतं.

आता सुरुवातीपासून सांगतो. मी रास अल खोरला बांधकामाच्या सामानाच्या एका गोदामाचा स्टोअर मॅनेजर आहे. गोदामाच्या मागे एसीचं पाणी ठिबकून ठिबकून एक कायमचा ओला पट्टा तयार झाला होता आणि त्यात गुडघ्याएवढं हिरवं काहीतरी माजलं होतं. मागचं आवार काँक्रीट करायचं ठरलं तेव्हा मी त्याच्याकडे बोट दाखवून म्हणालो, "हे गवत आधी काढून टाका."

आवाराची बाग बघायला येणारा माळी तिथेच उभा होता. सिंधुदुर्गातला माणूस, अकरा वर्षं इथे, त्यातली अकराही वर्षं लॉन कापायच्या मशीनमागे. एरवी "होय साहेबानू" याच्या पलीकडे न बोलणारा. त्या दिवशी मात्र त्याने एक दांडा तोडून माझ्या बोटांत दिला.

"फिरवून बघा."

मी फिरवला. बोटांना कडा लागल्या. एक, दोन, तीन.

"गवत असता तर गोल लागला असता," तो म्हणाला. "ह्यो लव्हाळो. हयचोच. खाडीकडचो. कोणी लावूक नाय, आपसूक इलो."

मग त्याने जे सांगितलं त्यावरून कळलं की हा माणूस वर्षभर एका संकटात आहे. त्याच्या कंपनीला एका व्हिला वसाहतीत तळं करायचं काम मिळालं होतं. काठाला परदेशातली शोभेची झाडं लावली की पहिल्या उन्हाळ्यात करपून जात. हा सुपरवायझरला सारखा सांगत होता, इथलाच लव्हाळा लावा, तो टिकेल. शेवटी कंटाळून सुपरवायझर म्हणाला होता, "नवंबर तक चालीस गुच्छे दिखा दे, नर्सरी तेरी. नहीं तो मशीन पकड और मुंह बंद."

मशीनने त्याचे गुडघे कामातून गेले होते. नर्सरीत सावली होती, बसायला स्टूल होतं आणि रोपं होती. आता लव्हाळा सापडला होता, पण कामगारांच्या कॅम्पात एका खोलीत आठ माणसं. तिथे दलदल कुठे ठेवणार?

इथे माझ्या स्वभावातला दोष आडवा आला. मला नाटकी वाक्यं बोलायची खोड आहे आणि ती बोलून झाल्यावर मी त्यांचा अर्थ लावतो. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "माझी बाल्कनी तुमचीच समजा."

त्याने समजली. रविवारी सिमेंट कालवायचे आठ काळे टब, सगळ्यात वरच्यात चिखलासकट उपटलेला लव्हाळा, घेऊन तो दारात उभा.

"हे काय आहे?" बायकोने मला विचारलं. त्याला नाही, मला.

"निसर्ग," मी म्हणालो.

आमच्या कन्येने कानातला इअरफोन काढून टबात डोकावून पाहिलं. "बाबा, दॅट्स लिटरली अ स्वॅम्प." आणि इअरफोन परत कानात.

बायकोचा खरा राग टबांवर नव्हता, पाण्यावर होता. आमची बिल्डिंग जुनी, एसीची नळी बाल्कनीत उतरते, आणि खाली ठेवलेल्या बादलीतल्या पाण्याने ती रोज फरशी पुसायची. फुकटचं पाणी, वर डाग पडत नाहीत. तिच्या संसारातलं ते एक गुपित सुख होतं. माळ्याने अत्यंत नम्रपणे बादली उचलली आणि नळीला पाइप जोडून तो टबांत सोडला.

"वहिनी, ह्या पाण्याचीच त्याका सवय आसा."

"आणि माझ्या फरशीला?" ती म्हणाली. पण पाइप राहिला.

मी त्याच्या हाताखाली काम शिकलो. एका जुडग्याचे मुळांसकट तीन तुकडे करायचे, प्रत्येकाला एक तरी कोंब हवा. खाली चिकट माती, वर वाळूचा थर. पाणी वाळूखाली राहिलं पाहिजे, वर दिसता कामा नये, नाहीतर डास आणि डासांमागून वॉचमन. जुलैत गरम वारा सुटला की ओलं गोणपाट आडवं बांधायचं. दर रविवारी तो दोन बस बदलून यायचा, टबांशेजारी पाट घेऊन बसायचा आणि गावच्या आईची आठवण काढून हसायचा.

"गावाक शेतात आयुष्यभर ह्याच उपटलंय, साहेबानू. आवशीच्या शिव्या खाल्लंय, नीट उपटूक नाय म्हणान. आता हय येवन लावतंय. आवशीक फोनवर सांगूक नाय."

ऑगस्ट संपेपर्यंत एकेचाळीस जुडगी झाली. मी त्यांच्याकडे असा बघायचो, जणू मीच त्यांना जन्म दिला आहे.

आणि मग गणपती आले.

आमच्याकडे दीड दिवसांचा असतो, आणि दीड दिवसात अर्धी बिल्डिंग घरात असते. त्या सकाळी बर दुबईच्या गल्लीतून आणलेल्या दूर्वा पिशवीतच काळ्या पडल्या होत्या. बायको हळहळत होती. तेवढ्यात सातव्या मजल्यावरच्या काकू, ज्यांचा उत्साह आमच्या लिफ्टलाही पेलत नाही, त्या कात्री मागून कुठेतरी गेल्या. मी पानसुपारीच्या गडबडीत. बायको मोदकांच्या वाफेत. थोड्या वेळाने मूर्तीवर हिरव्यागार जुड्या झळकल्या, एकवीसची एक अशा कितीतरी, आणि सगळे म्हणाले, वा, दुबईत इतक्या ताज्या!

आरती सुरू झाली. माळी दर्शनाला आला होता, इस्त्रीचे शर्ट-पँट घालून, हातात नारळ. टाळ्या वाजवता वाजवता त्याची नजर मूर्तीवर गेली आणि टाळ्या थांबल्या. त्याच्या नजरेमागून मी पाहिलं. मग मी बाल्कनीकडे पाहिलं. आठांपैकी पाच टब टकले.

आरती मध्येच थांबवता येत नाही. पुढच्या सगळ्या आरत्या मी त्या माणसाकडे न बघता म्हटल्या, आणि काकूंना त्या दिवशी एकही कडवं गाळायचं नव्हतं.

शेवटी घालीन लोटांगण झालं. मी काकूंना विचारलं, "दूर्वा कुठल्या?"

"तुमच्याच की! इतकं रान माजलंय बाल्कनीत, म्हटलं देवाच्या तरी कामाला..." मग त्यांनी आमचे चेहरे पाहिले. "अगंबाई. दूर्वा नव्हत्या?"

माळी बाल्कनीत गेला. पँटची इस्त्री विसरून गुडघे टेकले, एकेका टबात बोटं खुपसून चाचपत राहिला. आम्ही दारात उभे. काकू रडायच्या बेतात.

तो उठला. हात चिखलाने भरलेले. "मुळां आसत," तो म्हणाला. "नुसते केस कापलेत. मान कापूक नाय." आणि काकूंना म्हणाला, "काकी, देवान घेतलान तर देव देतलो पण. रडा नको." पण प्रसाद त्याने हातातच धरून ठेवला, खाल्ला नाही, हे मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी विसर्जन. आमच्याकडे शाडूची मूर्ती बादलीत विसर्जित करतात आणि माती विरघळली की मी ती गाडीत घालून, एखादं झाड शोधून, चोरासारखा त्याच्या बुंध्याशी ओतून येतो. त्या वर्षी मी किल्ली शोधत होतो तेव्हा बायको बादली घेऊन बाल्कनीत निघाली होती.

"कुठे?"

"जिथून दूर्वा, तिथेच माती," ती म्हणाली. वाटीवाटीने तिने ते पाणी पाच टबांत घातलं. कुठे किती, याचं तिचं काहीतरी मोजमाप होतं.

आठवडा गेला. काही नाही. काळपट खुंट, ओली वाळू. माळी रविवारी आला, बसला, हसला नाही. नोव्हेंबरला दोन महिने उरले होते. तो म्हणाला, "मशीनीक तेल घालून ठेवतंय, साहेबानू," आणि मी उगाचच गोणपाट पुन्हा भिजवायला घेतलं.

नवव्या दिवशी गोदामात फोन. बायको ओरडत होती, "आले!"

"कंटेनर?" आमचे जनरल मॅनेजर शेजारून म्हणाले, कारण आमचे दोन कंटेनर चार दिवस बंदरात अडकले होते.

"कोंब!" मी म्हणालो, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते अजून तसंच पाहतात.

जिथे एक दांडा कापला होता तिथे दोन-दोन, तीन-तीन सुया वर आल्या होत्या. ऑक्टोबरअखेर माळी पुन्हा विभागणी करायला बसला. काकू त्याला चहा द्यायला सातव्या मजल्यावरून उतरल्या, कात्री घरी ठेवून, आणि जुडगी मोठ्याने मोजत राहिल्या. बावन्न.

लावणीच्या दिवशी आम्ही सगळे आठ टबांसकट वसाहतीच्या तळ्यावर गेलो. कन्यासुद्धा आली, आणि मी बघत नाही असं समजून तिने तीन फोटो काढले. माळी पँट दुमडून पाण्यात उतरला होता. बावन्न जुडगी काठाने ओळीत बसली. वारा आला की सगळी एकदम वाकायची आणि एकदम उठायची. एक लांब पायांचा पक्षी कुठूनसा येऊन त्यांच्यात उभा राहिला, जणू बुकिंग होतं.

सुपरवायझरने काठाने एक फेरी मारली. खाली वाकून एक दांडा बोटांत फिरवला. मग माळ्याला म्हणाला, "मशीन किसी और को दे दे. कल से नर्सरी में बैठ. यल्ला, चल."

माळी पाण्यातच उभा राहिला. त्याने तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. मी पुढे होऊन दोन शब्द बोलणार होतो. चांगले शब्द होते, वाटेत गाडीत तयार केले होते. पण माझी बायको, जिने सात महिने त्या दलदलीला शिव्या दिल्या, ती रिकाम्या आठ टबांकडे बघत सगळ्यांसमोर एकदम बोलून गेली:

"अहो, मग आता आपल्या एसीचं पाणी कोणाला घालायचं?"