दाराखालच्या झिरमिळ्या

आमच्या शनिशिंगणापुरात घरांना चौकटी आहेत, दारं नाहीत. माझं माहेरही तेच आणि सासरही तेच. राखणीला शनिदेव असताना कडी-कोयंडा कशाला, या विश्वासात मी पस्तिशी गाठली. पण गेल्या वर्षी मे महिन्यात मुलांना घेऊन कोलंबोला विमानातून उतरले आणि मनात आलं, एवढ्या समुद्रापलीकडं देवाचं लक्ष पोचत असेल का? असं मनात आलं म्हणून स्वतःचीच लाज वाटली, तरी शंका काही जाईना.

ह्यांना तिकडच्या साखर कारखान्यात मशिनरी जोडायचं सहा महिन्यांचं काम मिळालं होतं. शाळेला सुट्टी लागली तशी नऊ वर्षांची चिऊ आणि तीन वर्षांचा बाळू यांना घेऊन मी गेले, ती नेमकी वैशाख पौर्णिमेला. आपल्याकडं बुद्धपौर्णिमेची सुट्टी येते नि जाते. तिथं तो अख्ख्या देशाचा सण. दुकानं बंद, माणसं पांढऱ्या कपड्यांत, घरोघरी कागदी कंदील, आणि रस्त्यात मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण नि सरबत. कोण कुणाला वाढतंय, का वाढतंय, काही म्हणता काही उमगत नव्हतं. नुसती बावचळून गेले होते.

आम्ही एका छोट्या लॉजच्या तिसऱ्या मजल्यावर उतरलो होतो. "दार लागलं की आपोआप लॉक व्हतं. किल्ली गळ्यात अडकव," ह्यांनी तीनदा बजावलं. मी "व्हय व्हय" केलं. अहो, जिनं जन्मात दार लावलं नाही तिच्या डोक्यात ते बसायचं कसं? दुपारी हे कारखान्यावर जायच्या गाडीची चौकशी करायला बाहेर पडले. बाळू झोपला होता. जिन्यातून चिऊनं हाक मारली, "आई, कंदील बघ, लई भारी हाय!" मी दार सताड उघडं टाकून चार पायऱ्या उतरले. वारा आला आणि मागं धाडकन आवाज झाला.

किल्ली आत, मोबाईल आत, बाळू आत. आणि मग आठवलं, टॉवेल वाळत घालायला मीच गॅलरीत खुर्ची ओढून ठेवली होती. कठडा माझ्या कंबरेएवढा. गॅलरीचं दारही उघडंच, सवयीनं! आतून "आई" अशी रडकी हाक आली. मी दार बडवायला लागले तसा तो जास्तच घाबरला आणि त्याचा आवाज दारापासून लांब, गॅलरीकडं जायला लागला. चिऊ खाली पळत जाऊन आली, लॉजमालकाच्या टेबलाशी कुणी नव्हतं. मी शनिदेवाला चक्क शिव्या घातल्या. आता खोटं कशाला बोलू?

जिन्यातून पांढऱ्या साडीतली एक म्हातारी वर आली. हातात कमळासारखा मोठा कंदील, त्याला खालपर्यंत लांब झिरमिळ्या. तिला माझी भाषा कळेना, मला तिची. तिनं दाराला कान लावला. मग सरळ दारापुढं बसली, कंदिलाची एक झिरमिळी टर्रकन फाडली आणि दाराखालच्या फटीतून आत सारून सळसळ हलवायला लागली. आतलं रडणं थांबलं. पावलं जवळ आली. आतून झिरमिळी खेचली गेली. म्हातारीनं दुसरी फाडली.

मग तिनं मला हातानं खुणावलं: तू जा, मी आहे. मालकाला शोधणं भागच होतं. पण लेकराला अनोळखी बाईवर सोडून पाय निघेना. आमच्या गावात घर उघडं टाकून जाताना शेजारणीलासुद्धा "लक्ष ठेव गं" म्हणायची वेळ येत नाही. त्या दिवशी मी हात जोडून पहिल्यांदा म्हणाले, "बाई, माझं लेकरू हाय आत. तुमीच बघा आता." आणि चिऊचा हात धरून पळत सुटले.

रस्त्यात जो तो हातात सरबताचा ग्लास कोंबत होता. मी रडत "नको हो, नको" म्हणत होते, आणि ते हसून दुसरा पुढं करत होते. चिऊ तिच्या शाळेतल्या इंग्रजीत मालकाची चौकशी करत होती. चौथ्या मांडवात मालक भात वाढताना सापडला. हातातली पळी टाकून तो आमच्याबरोबर धावला.

वर आलो तेव्हा म्हातारी तशीच बसलेली, आणि आत बाळू खदाखदा हसत होता. मालकानं दुसऱ्या किल्लीनं दार उघडलं. तो रंगीत कागदांच्या ढिगात बसला होता. मी त्याला छातीशी धरून हमसून हमसून रडले. डोळे पुसून बघते तर म्हातारी उठून जिना उतरत होती, हातात कंदिलाच्या नुसत्या काड्या. मालक बोलला ते चिऊनं मला सांगितलं, "आई, ती मागच्या गल्लीत एकटीच राहते. वर्षाला एकच कंदील बनवते, महिनाभर खपून. आज इथं जिन्यात लावायला आणला हुता."

गावी आल्यावर सगळ्यांनी एकच विचारलं, "वार कोणता हुता?" मी खरं तेच सांगितलं, सोमवार. देव कसा येतो, कुणाच्या रूपानं येतो, मला अजूनही उलगडलेलं नाही, आणि आता मी विचारायचंही सोडलंय. फक्त यंदा वैशाख पौर्णिमेला मी स्वतः खपून एक कंदील केला, वेडावाकडा का होईना, आणि दार नसलेल्या चौकटीला टांगला. बाळूनं संध्याकाळपर्यंत त्याच्या सगळ्या झिरमिळ्या ओढून काढल्या. मी त्याला अडवलं नाही.