बुधीबाईची जीभ

हे मी आजवर कुणाजवळही बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही. आप्पांना, म्हणजे वडिलांना, सांगता आलं असतं, पण ते गेले, आणि ते जाईपर्यंत मी गप्प बसलो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढं एकच कारण आहे. ओळखीच्या माणसासमोर मी दुसऱ्याच वाक्याला विषय बदलतो. त्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आमच्या घरी लसूण सोलायला घेतला की मी उठून बाहेर जातो. बायको चिडवते, "माळ घातलीत की काय?" सगळे हसतात, मीही हसतो. लसणाचं मला वावडं नाही हो. भाजीत पडलेला मुकाट खातो. पण सोललेल्या कच्च्या लसणाचा तो वास नाकात गेला, की आमच्या दुकानाचा माळा डोळ्यांसमोर येतो, आणि माळ्यावर वाकून उभी असलेली एक बाई... थांबा. एकदम नको. आधी दुकान सांगतो.

पनवेलच्या बाजारात आमचं फळांचं दुकान. खाली गाळा, वर लाकडी माळा. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. न्हावा शेव्याकडे जाणारे ट्रेलर तेव्हा नुकते सुरू झाले होते आणि हायवेला गॅरेजमागून गॅरेज उघडत होतं. मी बी.एस्सी. झालो होतो, केमिस्ट्री घेऊन. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. तळोज्याच्या कारखान्यांत अर्ज करकरून चपला झिजल्या आणि शेवटी निमूट आप्पांच्या शेजारी गल्ल्यावर येऊन बसलो. मला त्याचा कमीपणा वाटायचा. आंबा पेंढ्यात घालायचा आणि दहा-बारा दिवस त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. याला काय डोकं लागतं?

डोकं नव्हतंच लागत. जीभ लागत होती, आणि ती बुधीबाईची होती.

बुधीबाई कर्नाळ्याच्या अंगाला असलेल्या कातकरी वाडीतून यायची. आंब्याच्या दिवसांत रोज, चालत. वय पन्नाशीचं असावं. तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. माल उतरला की प्रत्येक बागेतला एक कच्चा आंबा ती उभा चिरायची, कोयीलगतची एक पातळ कापटी जिभेवर ठेवायची आणि डोळे मिटायची. मग म्हणायची, "नऊ दिस." नऊ म्हणजे नऊ. किंवा म्हणायची, "शेट, ह्यो कवला हाय. ह्यो पिकनार नाय, नुसता सडंल. परत धाड." आणि आप्पा खरंच परत धाडायचे! घाईनं कोवळा माल झोडून आणलेला बागवाला दारात उभा राहून शिव्या घालायचा, पण पुढच्या खेपेला तोच माणूस झाडावर जून झालेला आंबा देठासकट, जाळीनं अलगद उतरवून आणायचा. आमच्या दुकानाचं नाव होतं ते यामुळे.

माळ्यावर अढी लावायचं कामही तिचंच. भाताच्या पेंढ्याचा थर, त्यावर आंबे, वर पुन्हा पेंढा. रोज ती त्यात हात घालून, वास घेऊन फिरायची. गिऱ्हाइकानं सांगायचं, आज खायचाय की परवा, आणि तिनं नेमका तो काढून द्यायचा. आप्पा तिच्यासाठी चहा आपल्याबरोबर मागवायचे. आणि मी? खरं सांगू? मला तिचा राग यायचा. अंगठा उठवणारी बाई, आणि आमच्याच दुकानात माझ्या डिग्रीपेक्षा तिच्या जिभेला मान. हा राग मी कधी बोलून दाखवला नाही, पण तो होता.

त्या वर्षी मोहोर उशिरा आला. आमच्याकडच्या बऱ्याच घरांत अक्षय्य तृतीयेला पितरांच्या पानात ठेवल्याशिवाय आंब्याला हात लावत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी सगळ्यांना पिकलेलाच आंबा हवा असतो. सण सहा दिवसांवर आला तेव्हा आमचा माल उतरला. बुधीबाईनं कापटी जिभेवर ठेवली आणि मान हलवली. "अकरा दिस."

आप्पा म्हणाले, मग लोकांना सांगून टाकू, यंदा कैरीच ठेवा पानात. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मला मात्र वाटलं. समोरचा गाळेवाला पिवळे आंबे मांडून बसणार आणि आम्ही गिऱ्हाइकांना कैऱ्या दाखवणार? मी दुसऱ्या दिवशी हायवेच्या एका गॅरेजमध्ये गेलो आणि वेल्डिंगवाल्याकडून कार्बाईडचा डबा घेऊन आलो. करडे खडे असतात. ओल लागली की त्यांतून गॅस सुटतो. त्या गॅसच्या आगीवर लोखंड कापतात, आणि त्याच गॅसनं आंबा रंग धरतो. कायद्यानं त्याला बंदी होती. हे मला वेल्डिंगवाल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

आप्पांचे गुडघे धरले होते, ते माळ्याची शिडी चढत नसत. बुधीबाई यायच्या आधी, सकाळी, मी वर्तमानपत्राच्या कागदात खड्यांच्या पुड्या बांधल्या आणि पेंढ्यात खुपसून ठेवल्या.

ती आली, शिडी चढली आणि वरूनच ओरडली, "दादा, हितं लसून कोनी सोलला?"

कार्बाईडला तसा वास येतो. तिच्या नाकापासून तो लपणार होता थोडाच? तिनं एक पुडी शोधून काढली आणि तळहातावर धरून माझ्यापुढे केली. मी म्हणालो, चुना आहे. औषधी चुना. आंब्याला ओल लागू नये म्हणून ठेवायचा, पुस्तकात दिलंय. खरं सांगितलं असतं तर ती तडक खाली जाऊन आप्पांना सांगती, आणि आप्पांनी मला माळ्यावरून खाली खेचला असता. तिनं पुडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पुस्तकात आहे म्हटल्यावर ती काय बोलणार? पुडी तिनं होती तशी पेंढ्यात ठेवून दिली.

तुम्हाला वाटलं असेल, झाली कबुली. एवढीच असती तर मी कधीच, चारचौघांत हसत हसत सांगून मोकळा झालो असतो. बाजारात कोण करत नव्हतं ते?

सणाच्या आदल्या दिवशी सगळा माल पिवळाजर्द झाला. आप्पा चकित. बुधीबाईनं एक चाखला आणि थुंकला. "रंग आलाय शेट, आंबा नाय आला," म्हणाली. पण दुकानात गर्दी लोटली होती, तिचं कोण ऐकतं? ती माळ्यावरून आंबे काढून पाट्या खाली देत होती, मी आणि आप्पा विकत होतो. दुपारी जरा उसंत मिळाली तेव्हा ती मागच्या पायरीवर तंबाखू मळायला बसली. आणि थोड्या वेळानं तिची किंकाळी आली.

मी धावलो. ती तोंड उघडं टाकून, दोन्ही हातांनी गाल धरून बसली होती. ओठातून फेस येत होता आणि श्वासाला लसणाचा वास. तिनं माठातलं पाणी ओंजळीनं तोंडात घेतलं आणि गुरासारखी हंबरली. त्या खड्यांना पाणी लागलं की काय होतं, हे त्या गल्लीत एकट्या मला माहीत होतं. "थुंक, थुंक," मी ओरडत होतो. का थुंक, ते सांगत नव्हतो.

रिक्षात घालून तिला डॉक्टरांकडे नेली. डॉक्टरांनी बॅटरी लावून आत पाहिलं. जीभ पांढरी पडली होती, हिरडीचं कातडं सुटलं होतं. त्यांनी विचारलं, काय घातलं तोंडात? तिला बोलता येत नव्हतं. ती माझ्याकडे पाहत होती. मी सांगितलं, तंबाखूला चुना लावला होता. डॉक्टर म्हणाले, "नुसत्या चुन्यानं एवढं होत नाही हो. नीट आठवा, दुसरं काही होतं का?" त्यांनी दोनदा विचारलं. आणि मी दोन्ही वेळा म्हणालो, चुनाच. मग डॉक्टर तिच्यावर रागावले, तंबाखू खाऊन खाऊन तोंड आधीच नासवून घेतलंय म्हणाले. तिनं मान डोलावली. माझ्यासमोर, त्या बाकड्यावर, ती स्वतःच्या चुकीला हो म्हणाली.

अजून एक राहिलंय. आतापर्यंत जे सांगितलं ते मी मनाशी निदान उच्चारलं तरी होतं. हे नाही.

मी पाहिलं होतं.

त्याच दिवशी सकाळी, माळ्यावर. वापरून झालेल्या पुड्या ती सोडत होती. कार्बाईड ओल खाऊन खाऊन शेवटी चुनाच होतो, रसायनशास्त्रात तसंच आहे. माझं खोटं चार दिवसांत अर्धंअधिक खरं झालं होतं. पांढरी भुकटी झाली होती. पण आत काळसर कण शिल्लक होते, जिवंत. मी रिकाम्या पाट्या द्यायला शिडीवर चढलो होतो, आणि मला दिसलं की ती बोटानं ती भुकटी खरवडून आपल्या चुन्याच्या डबीत भरतेय. चांगला चुना कशाला टाकायचा? ती काहीच वाया घालवत नसे. पुड्यांचे कागदसुद्धा तिनं घडी घालून ठेवले होते.

मी शिडीच्या वरच्या पायरीवर होतो. हात लांब केला असता तर डबीला लागला असता. "ते घेऊ नकोस" — एवढे तीन शब्द. पण तिनं विचारलं असतं, का? आणि खाली आप्पा होते, गिऱ्हाइकं होती. मी विचार केला... नाही, खोटं कशाला बोलू, मी विचार केलाच नाही असं म्हणायची सोय नाही. मी नीट विचार केला. मनात म्हटलं, जिवंत कण फार नसतील. म्हटलं, तिला सवय आहे, थुंकून टाकेल. आणि रिकाम्या पाट्या ठेवून खाली उतरलो.

तिच्या डोळ्यांदेखत तिच्या तोंडात कुणी निखारा ठेवला असता तर तिनं हात तरी झटकला असता. मी तर तिला तीही संधी ठेवली नाही. पण ती भाषा आता मोठी वाटते, राहू द्या. मी पाहिलं आणि खाली उतरलो, बस.

महिनाभर ती पेजेवर होती. मी एकदाच वाडीवर गेलो. तेही आप्पांनी धाडलं म्हणून. झोपडीच्या दारात बसलो, तर तिनं खुणेनं सुनेला पाणी आणायला सांगितलं. मी इकडेतिकडे पाहत होतो. ती डबी कुठे दिसतेय का, ते. दिसली. चुलीजवळच्या कोनाड्यात होती. तंबाखू सोडली होती म्हणून तिनं ती उघडली नव्हती. मी उठताना डबी खिशात घातली आणि वाटेत ओढ्यात टाकली. तिच्या काळजीनं टाकली की पुरावा म्हणून टाकली? इतक्या वर्षांत मला याचं उत्तर देता आलेलं नाही.

सीझन संपत आला तेव्हा ती दुकानात आली. जखम भरली होती. बोलणं जरा बोबडं झालं होतं. शेवटचा माल उतरला होता. तिनं आंबा चिरला, कापटी जिभेवर ठेवली, डोळे मिटले. बराच वेळ मिटून राहिली. मग दुसरी कापटी घेतली. मग तिसरी. शेवटी म्हणाली, "पाच दिस." आप्पांनी पाचव्या दिवसासाठी लोकांना सांगून ठेवलं. तिसऱ्या दिवशी सगळी अढी काळी पडली, माळ्यावरून रस ठिबकला.

आप्पांनी काही विचारायच्या आधी तीच बोलली. "शेट, जीभ मेली माजी. तोंडात नुसती माती लागते. मी आता येयाची नाय." आप्पांनी तिला झाडझूड कर, पाट्या भर, काहीही कर पण ये, असं सांगून पाहिलं. ती ऐकेना. जिथे तिचं बोलणं चालायचं तिथे झाडू मारायला ती तयार नव्हती. त्या वर्षीपासून ती सुनेबरोबर वीटभट्टीवर जायला लागली. चिखल तुडवायला जीभ लागत नाही.

आप्पा जाईपर्यंत म्हणायचे, तंबाखूनं एक हिऱ्यासारखी बाई वाया घालवली. मी हूं म्हणायचो. आणि कार्बाईडचं म्हणाल तर मी पुढच्या वर्षीही वापरलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. आता दुकानात ते ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. कोवळा माल परत धाडणारंही कुणी नव्हतं. बागवाले झोडून आणायचे, मी रंगवून विकायचो. दुकान चांगलं चाललं.

बुधीबाईला मी शेवटचं पाहिलं ते तीनेक वर्षांनी. भट्टीचं काम संपवून सगळी माणसं बाजारात आली होती. हाडं वर आलेली, केसांत विटांची लाल धूळ. मी गल्ल्यावर होतो. तिला पाहून मी मान खाली घातली, वजनकाट्याशी काहीतरी करत राहिलो. पण तिनं मला पाहिलं होतं. गर्दीतून वाट काढत, सुनेचा हात धरून ती सरळ दुकानात शिरली. आप्पा गेल्याचं तिला कळलं होतं, त्यांच्या फोटोला तिनं हात जोडले. मग सुनेकडे वळली.

"ह्यो दादा," तिनं सांगितलं. "जीभ जळली तवा ह्यानंच मला रिक्षात घालून नेली. नायतर मेलीच व्हती मी. पाया पड त्याच्या."

सून वाकली. दुकानातली गिऱ्हाइकं कौतुकानं बघत होती. मी पाय मागे घेतले नाहीत. आशीर्वादाला हातही वर केला.