चूडामणि दाइचं तिसरं संविधान

चूडामणि पोखरेल माझा सख्खा भाऊ नव्हे. डिल्लीबजारातल्या एका खोलीचं भाडं आम्ही दोघं मिळून भरायचो, आणि तो माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा, म्हणून दाइ. भोजपूरहून तो काठमांडूला आला तो लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी. खरिदार व्हायचं, म्हणजे सरकारातला पक्का कारकून, एवढंच त्याचं मागणं. गावी बायको सावित्रा त्याच्या म्हाताऱ्या आईबापाला सांभाळत होती. दर दसैंला, म्हणजे दसऱ्याला, तो घरी गेला की ती फक्त विचारायची, "यंदा?"

आमच्या देशाने संविधानं बदलली आणि भोगलं या माणसाने. पहिल्या प्रयत्नाला त्याने आमच्या विक्रम संवतातलं, दोन हजार सत्तेचाळीस सालचं पाठ केलं. मग त्रेसष्टचं अंतरिम आलं, तेव्हा जुनं पुसून ते घोकलं. इतकं पक्कं, की झोपेतून उठवून विचारा, कलम तयार. प्रश्न विचारणारा आयोग मात्र तोच.

बहात्तरच्या असोजात, म्हणजे आश्विनात, तिसरं संविधान आलं आणि गल्लीत दिवे लागले. दाइनेही खिडकीत दोन पणत्या ठेवल्या.

"आता बघ," तो म्हणाला, "नवं संविधान, नवा आयोग. वयाची अट चाळीस होणारच."

"बायकांना चाळीस आहेच, दाइ. साडी नेसून अर्ज भरा."

"गप, गाढवा!" तो हसत सुटला. मला त्या थट्टेची आजही लाज वाटते, कारण पुरुषांना अट पस्तीसची, आणि माघात त्याला पस्तीस पूर्ण होणार होती.

दुसऱ्या आठवड्यात बागबजारातून तो प्रत घेऊन आला आणि मागून वाचायला लागला. अखेरच्या भागात लिहिलं होतं की आधीचा आयोग याच संविधानाने नेमला आहे असं समजायचं. माणसं तीच, नियम तेच, वयाची अटही तीच.

"हत्तेरी! नवऱ्याने नुसतं पागोटं बदललंय रे," दाइ म्हणाला. शेवटचा अर्ज त्याने त्याच कार्तिकात भरला, आणि त्याच्याबरोबर मीही माझा भरला.

तो हिवाळा सीमेवरच्या नाकाबंदीचा. गॅस नाही, म्हणून गच्चीवर लाकडं पेटवून आम्ही भात शिजवायचो. धुराने डोळे चोळत दाइ मला प्रश्नांनी झोडायचा.

"लोकसेवा आयोग?"

"दोनशे बेचाळीस."

"आणि त्याची कामं?"

"दोनशे त्रेचाळीस."

"शाब्बास. विसरलास तर भात नाही."

परीक्षेला हाच प्रश्न आला. बाहेर पडल्यावर मी आनंदाने म्हणालो, "दाइ, तुमचं दोनशे बेचाळीस आलं!" तो फाटकाशीच थांबला.

"मी एकशे पंचवीस लिहिलं," तो म्हणाला. ते त्रेसष्टचं कलम होतं. दहा वर्षं घोकलेलं, हातानेच लिहून टाकलं.

त्या एका उत्तराने घात केला की आणखी कशाने, देव जाणे. यादी लागली तेव्हा निवडलेल्यांत शेवटचं नाव माझं होतं, आणि खाली वैकल्पिक उमेदवारांत पहिलं दाइचं. वैकल्पिक म्हणजे वरचा कुणी रुजू झाला नाही तरच बोलावणं.

चहावाला साहू म्हणाला, "भाइ, जिना जपून उतर. तू पडलास की दाइ खरिदार!" सगळे हसले. दाइ सगळ्यांत मोठ्याने हसला.

तीन दिवसांनी मला भोजपूरहून फोन आला. सावित्रा भाउजू होती, दाइची बायको.

"भाइ, तुम्ही चोवीस वर्षांचे ना? पस्तीसला अजून वेळ आहे."

"हो, भाउजू."

"बाकी काही नाही. मी फोन केला ते ह्यांना सांगू नका."

रुजू व्हायच्या सकाळी दाइने माझ्या कपाळाला दहीतांदळाचा टिका लावला, माझी टोपी सरळ केली आणि बसपर्यंत पिशवी उचलून आला. "वेळेवर जात जा. सही वाचल्याशिवाय करू नकोस," एवढंच बोलला.

दाइने शब्द टाकला असता तर मी जागा सोडली असती, असं मी लोकांना सांगतो. ते खोटं आहे. मी सोडली नसती. दाइला हे ठाऊक होतं, आणि मला नाही म्हणायची वेळ येऊ नये म्हणून त्याने मागितलं नाही.