खोक्यावरचा शब्द

ग्रीसचा वास आला की मी आजही थेट केजला, नसीमच्या अब्बांच्या गॅरेजात पोचते. आम्ही दोघी अकरावीत होतो. कॉलेज सुटलं की गावाकडची जीप भरेपर्यंत तिथे बसून स्पेअरपार्टच्या खोक्यांवरचे इंग्रजी शब्द वहीत उतरवायचो. नियम माझा होता आणि कडक होता: अर्थ चाचांना, म्हणजे नसीमच्या अब्बांना, पटला, तरच शब्द वहीत. 'फ्रिक्शन' आला तेव्हा त्यांनी झिजून गुळगुळीत झालेला ब्रेक लायनर माझ्या हातावर ठेवला होता.

एकदा नव्या ब्रेकच्या खोक्यावर 'रिलायबल' निघाला. मी डिक्शनरी उघडून ऐटीत वाचलं, “विश्वासार्ह.”

“आसं कोन बोलतंय बेटा? लई जड हाय,” चाचा आमच्या गावाकडच्याच जीपखालून बाहेर येत हसले. नवे ब्रेक बसवून झाले होते. त्यांनी हात पुसले, स्टिअरिंगवर बसले आणि नसीमला हाक मारली, “चल, बस शेजारी.” बापलेक ओढ्याच्या उताराला एक चक्कर मारून आले. मग किल्ली ड्रायव्हरच्या हातात देत चाचा म्हणाले, “आता पब्लिक बसवा.” आणि माझ्याकडे वळून, “लिव आता.”

मला वाटलं, चाचांनी उत्तर टाळलं. मी आपलं 'विश्वासार्ह'च लिहिलं.

आज गाड्यांची तपासणी हीच माझी नोकरी आहे. शाळेच्या बसच्या फिटनेसवर सही करण्याआधी मी इंग्रजी फॉर्म वाचते, ब्रेक दाबून बघते, आणि मनातल्या मनात नसीमला पुढच्या सीटवर बसवते. ती बसली, तरच पेन उघडते.