चढावर तापणारी गाडी

गॅरेजात पाठीमागे सगळे त्याला नाकमुरडा मिस्त्री म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. ट्रक समोर आला की आधी त्याचं नाक मुरडायचं, मग हातात पाना यायचा. तीस वर्षं त्याने लोकांची घाण उपसली होती. रेडिएटरमध्ये डबक्यातलं गढूळ पाणी ओतणारे पाहिले, जाळीवर मेलेल्या किड्यांचा थर साचला तरी फुंकरही न मारणारे पाहिले. पंख्याचा पट्टा सैल होऊन किंचाळायला लागला तरी "चालतंय की!" म्हणणारे तर पायलीचे पन्नास. "इंजिन स्वतःहून तापत नाही, माणूस त्याला तापवतो," असं तो येईल त्याला ऐकवायचा.

पण त्याला खरी किळस होती ती साडूची. बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा ट्रक चालवायचा. घामट, विसराळू आणि जेवताना मचमच करणारा. मिस्त्रीनेच ट्रकच्या मालकाकडे शब्द टाकून त्याला नोकरी लावून दिली होती आणि आता हात चोळत बसला होता. गेले तीन महिने साडूचा ट्रक चढावर तापत होता. "पाणी बघत नसणार, दुसरं काय!" असं मिस्त्रीने मालकाला छातीठोकपणे सांगितलं होतं. शेवटी परवा घाटात वाफ उसळली, तापून इंजिनाचं हेड गॅस्केट गेलं आणि ट्रक दोरीने ओढत गॅरेजात आणावा लागला.

मालक स्वतः येऊन उभा राहिला. "मिस्त्री, ड्रायव्हरची चूक निघाली तर आजच त्याला घरी बसवतो. तुम्ही म्हणाल तसं."

साडू भिंतीला टेकून बोटं मोडत होता. त्याच्याकडे न बघताच मिस्त्री कामाला लागला.

जाळी लख्ख होती. पट्टा ताठ होता. इंजिन तापलं की पाण्याला वाट देणारा थर्मोस्टॅट काढून त्याने उकळत्या पाण्यात टाकला, तर तोही मुकाट्याने उघडला. केबिनमध्ये स्वच्छ पाण्याचे दोन कॅन भरून ठेवलेले. मिस्त्रीचं डोकं फिरायला लागलं. या गबाळ्याला एवढी अक्कल कुठून आली?

"प्रत्येक चढाआधी थांबून पाणी बघतो, दादा," साडू हळूच म्हणाला.

"बघतोस ना, मग गप्प उभा राहा."

त्याने रेडिएटरची खालची नळी सोडवली आणि आत बोटं घातली. काहीतरी बुळबुळीत लागलं. ओढलं तसा गंजाने माखलेला, चिकट कापडाचा बोळा बाहेर आला. कुजका वास थेट नाकात शिरला. बोटाने गंज पुसला तर खाली निळ्या रेघा. मिस्त्रीचा स्वतःचाच जुना पायजमा! बायको त्याचे तुकडे करून गॅरेजात द्यायची. तीन महिन्यांपूर्वी याच ट्रकचा पाण्याचा पंप बदलताना कचरा आत जाऊ नये म्हणून त्यानेच तो नळीच्या तोंडात कोंबला होता. नेहमीची पद्धत. फक्त काढायचा राहिला होता.

म्हणजे तीन महिने चोर सोडून संन्याशाला सुळी चालली होती.

मालक पाठमोरा होऊन फोनवर बोलत होता. साडू वाकून सांडलेलं पाणी पुसत होता. मिस्त्रीने बोळा मुठीत आवळला आणि खिशात सरकवला. त्याचं गार, घाण पाणी मांडीवरून झिरपत गेलं.

"नळी आतून कुजली होती," तो मोठ्याने म्हणाला. "ड्रायव्हरची काही चूक नाही."

"सुटला बिचारा," असं म्हणून मालक निघून गेला.

साडूने ओले हात तसेच पँटला पुसले. त्याचे डोळे भरून आले होते. "दादा, रोज हात लावत होतो मी त्या नळीला. मलाच कळायला हवं होतं. तुमच्या मेहुणीलाही म्हणायचो, माझ्याच हाताला यश नाही गं. आता जास्त लक्ष देईन."

इतका गलिच्छ माणूस मिस्त्रीने गॅरेजात आजवर पाहिला नव्हता, आणि तो साडू नव्हता. खरं सांगायला त्याने तोंड उघडलं.

"हो," तो म्हणाला, "देत जा."