अर्ध्या मिनिटाचा दम

जर्मनीशी दुसऱ्या लढाईला अजून चार-पाच वर्षं होती. आमच्या कंपनीला सोलापूरला पाठवलं. सात रस्ता चौकापासून दोनेक मैल बाहेर, उघड्या माळावर तंबू. मी हवालदार, पी.टी. माझ्याकडे. माझं गाव याच जिल्ह्यातलं वैराग, म्हणजे इकडचा उन्हाळा मला नवा नव्हता. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढे मीच 'ठाऊक नव्हतं' म्हणून मोकळा होईन.

कप्तानसाहेबांचा हुकूम साधा होता. दीड महिन्यानं टेस्ट. पाठीवर पॅक, खांद्यावर रायफल, पाच मैल, एका तासात. जो मागे राहील तो अनफिट. त्याला डिस्चार्ज.

रोज साडेपाचला फॉलिन, सगळे रांगेत हजर. आधीची रीत अशी, की सलग दोन मैल पळायचं आणि मग माळावर आडवं व्हायचं. त्यात अर्धी सकाळ वाया जायची. मी घड्याळ आणि शिट्टी घेतली. पहिली शिट्टी, 'दौडके चल!' दोन मिनिटं जीव तोडून पळायचं. दुसरी शिट्टी, 'तेज चल!' दोन मिनिटं चालत दम घ्यायचा. असं दहा वेळा. पंधरवड्यात फरक दिसला. मग मी दम दीड मिनिटावर आणला, पुढे एकावर, शेवटी अर्ध्यावर. वेळ कमी, काम जास्त. साहेब म्हणाले, "गुड, हवालदार." मला आभाळ ठेंगणं झालं.

शिपाई शिवप्पा अक्कलकोटच्या पलीकडचा, लिंगायत, वय एकोणतीस. हिवतापानं दोन महिने हॉस्पिटलात काढून आलेला. त्यामुळे पळताना कायम शेवटचा.

"दम लई कमी पडतंय की ओ, हवालदारसाब."

"दम न्हाय, तूच कमी पडतोस."

सगळे हसले. तोही हसला. पण संध्याकाळी बाकीचे पत्ते खेळायचे तेव्हा तो एकटा माळावर पळायचा. एकदा म्हणाला, "पलटण सुटली तर मला दुसरं काय येतंय, साब?" मलाही दुसरं काही येत नव्हतं.

त्याचा एक नेम होता. अंघोळ करून गळ्यातल्या लिंगाची पूजा केल्याशिवाय तो पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. रोज चारला उठून, बादलीभर पाण्यात सगळं उरकून तो रांगेत यायचा. कंपनीत सगळ्यांना हे माहीत होतं. मलाही.

टेस्ट एप्रिलअखेर आली. आदल्या दिवशी पाण्याची गाडी आलीच नाही. सकाळी माणशी एक बाटली उरली. ते पाणी फक्त प्यायचं, असा हुकूम मीच काढला. शिवप्पा पंचा घेऊन समोर उभा राहिला.

"माझी बाटली अंगावर घेतो साब. पूजा तरी हुईल."

"प्यायचं पाणी हाय ते. पूजा पळून आल्यावर कर."

"पूजेबिगर पाणी कसं पिऊ ओ?"

"मग नको पिऊस. तासाभराचं तर काम हाय."

टेस्ट सहाला होती. साहेबांची मोटार साडेनवाला आली. साडेतीन तास आम्ही पॅक बांधून रांगेत उभे. मध्येच सव्वाआठला पाण्याची गाडी आली. शिवप्पाला रांगेबाहेर काढून अंघोळ-पूजेला दहा मिनिटं देता आली असती. तेवढ्यात साहेब आले आणि रांगेत जागा रिकामी दिसली तर, या धास्तीनं मी दिली नाहीत. तोही बोलला नाही. रांगेत बोलायचं नाही, हे मीच शिकवलेलं.

नऊ पस्तीसला सुटलो. अर्ध्या मिनिटाचा दम, पुन्हा शिट्टी. चौथ्या मैलाला शिवप्पा घोळक्याच्या मधोमध होता. पहिल्यांदाच. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? त्याच्या मानेवर घाम नव्हता. वाऱ्यानं सुकला असेल, असं मला वाटलं.

"शिवप्पा, ठीक?"

"ठीक, साब."

दहा बावीसला तो पडला. मी बाटली तोंडाला लावली. त्यानं मान फिरवली. पुन्हा लावली तेव्हा शुद्ध नव्हती, दातखीळ बसली होती. पाणी हनुवटीवरून मातीत गेलं. साडेअकराला हॉस्पिटलात संपला.

बाकी सगळे पास झाले. कागदावर 'हीटस्ट्रोक' लिहिलं गेलं. माझी शिट्टीची पद्धत दुसऱ्या कंपन्यांनीही उचलली. पलटणीच्या स्मारकाच्या दगडावर लढाईत पडलेल्यांचीच नावं कोरतात, त्यात शिवप्पाचं नाव नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा थोरला भाऊ आला. त्यांच्या रीतीप्रमाणे शिवप्पाला बसवून, डाव्या तळहातावर लिंग ठेवून माती दिली. मग भाऊ माझ्याजवळ आला.

"जाताना पाणी पाजलं काय ओ तुमी?"

"पाजत होतो. दातखीळ बसलेली. थेंब आत गेला नाही."

त्यानं डोळे पुसले. "लई बरं झालं बघा. नेम तरी मोडला न्हाय त्याचा." आणि वाकून माझ्या पायांना हात लावला.

मी पाय मागे घेतले नाहीत. सव्वाआठला पाणी आलं होतं, हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही. आज सांगतोय, तर ऐकायला तो भाऊही उरला नाही.