चहाला वाकणारं गलबत

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. माझ्यासारख्या शिकल्या-सवरल्या माणसानं एका लाकडी गलबताला कित्येक दिवस चहा पाजला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. राहायला भवानीनगर, नोकरी बारामतीजवळच्या एका शेती फार्मवर, हवामानाच्या नोंदी घ्यायची. समुद्र कुठच्या कुठं, चारी बाजूंनी ऊस. पण मला छोटी गलबतं करायचा नाद. लाकूड जमायचं, डोलकाठ्या जमायच्या, घोडं अडायचं ते दोऱ्यांवर. शिवणाचा दोरा घ्यावा तर त्याला लव सुटते, इवल्या गलबतावर तो सुतळीसारखा दिसतो. मेण चोळलं तरी सैल पडतो. नायलॉनची तंगूस घ्यावी तर गाठच टिकत नाही.

सासूबाई कोऱ्हाळ्याहून आल्या होत्या. माझी झटापट बघून त्यांनी पिशवीतून जुनं गंगावन काढलं. म्हणजे वेणी लांब दिसावी म्हणून घालतात ते केसांचं.

"घ्या जावईबापू. मला आता कुठं वेणी घालायची हाय."

काळेभोर, गुळगुळीत केस. पीळ देऊन डोलकाठीपासून मागच्या टोकापर्यंत ताणले, गाठीला डिंकाचा थेंब लावला. पुढून दोऱ्याचा ताण, मागून केसांचा. झकास झालं. गलबत स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला बायको, सुमन, चहा ठेवत होती. बाहेर उसाची सळसळ तेवढी. आणि डोलकाठी हळूहळू पुढं वाकली. खिडकी बंद, पंखा बंद. कुणीतरी मान खाली घालून दारातून आत यावं तशी. थोड्या वेळानं सावकाश सरळ झाली.

"मामी, हे गंगावन कुणाचं?" मी सासूबाईंना विचारलं.

"आमच्या थोरल्या जाऊबाईचं, आक्काचं. तिच्याच गळालेल्या केसांचं केल्यालं. ती गेल्यावर मी घालायची." त्या गलबताकडं बघत राहिल्या. "आक्काला चारचा च्या लागायचाच. शेवटाला बी मागितला हुता. चूल पेटस्तवर गेली."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

पुढच्या दिवशी मीच एक कप गरम चहा गलबतासमोर ठेवला. वाफ वर गेली आणि डोलकाठी कपाकडं वाकली.

सुमन भिंतीला टेकली. "आवो, पिती हाय ती."

मग काय विचारता. नवीन आलेली केबल सोडून शेजारीपाजारी आमच्या गलबतासमोर बसायला लागले. एकदा चहा गार झालेला, तर काठी हललीच नाही. शेजारचे तात्या म्हणाले, "गार च्या कोण पिईल?" आणि तुम्हाला खोटं वाटेल, मला ते पटलं. मी रोज हात जोडून, गलबताला 'येतो आक्का' म्हणून कामावर जायला लागलो.

मग आभाळ भरून आलं, हवा कोंदट झाली, आणि डोलकाठी दिवसभर वाकलेलीच राहिली. चहा ठेवा, न ठेवा. सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "रुसली. साडीचोळी करा." मी केली.

त्याच आठवड्यात फार्मवर हवेतली ओल मोजायचं यंत्र अडकलं. साहेब म्हणाले, उघडून बघा. झाकण काढलं, तर आत केसांची जुडी, ताणून बांधलेली. ओल आली की केस लांबतो, हवा कोरडी पडली की आखडतो, त्यानं काटा हलतो. मुलाखतीत हे मी घडाघडा सांगितलं होतं. त्याच काट्याचा आकडा रोज लिहीत होतो. आणि घरी त्याच केसाला साडी नेसवून बसलो होतो.

घरी येऊन सगळ्यांसमोर नुसतं गरम पाणी ठेवलं. काठी वाकली. मी सगळं समजावून सांगितलं. तात्या जरा हिरमुसले. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी तुमच्या फार्मावरच्या डब्यात बी केस हायती?"

"हो."

"कुणाचं?"



दुसऱ्या दिवशी त्या यंत्रासमोर उभा राहिलो. आजूबाजूला चिटपाखरू नाही. झाकणाला हात लावायच्या आधी पायातल्या चपला कधी काढल्या, माझं मलाच कळलं नाही. मागं वळून पाहतो, तर साहेब उभे.

"काय हो, पायात काटा गेला?"

"व्हय," मी म्हणालो.